अनिकेत, आणि फुकटचा प्रवास



आज गीतेचा अध्याय १२, श्लोक १९. भगवंतांना कोणता भक्त आवडतो त्याची यादी चालू आहे. निंदा-स्तुती ज्याला सारखी, जो उगाच बडबडत नाही, जे मिळेल त्यात ज्याचं भागतं. आणि या यादीत एक शब्द येतो, अनिकेत. ज्याला घर नाही असा. आपल्या प्रत्येकाच्या वर्गात एक तरी अनिकेत होता, आणि तो आता बहुतेक टू बीएचकेचे हप्ते फेडत असणार. असो.

हा शब्द वाचला की मला एक इंग्रजी पिक्चर आठवतो. 'एम्परर ऑफ द नॉर्थ पोल', १९७३ सालचा, दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्ड्रिच. शाळेत असताना राजारामपुरीतल्या एका सीडी लायब्ररीतून आणला होता. आमचे अण्णा रेल्वेत टीसी होते, त्यामुळं घरात पिक्चर निवडायचा नियम सोपा होता, गाडी दिसली पाहिजे. 'द बर्निंग ट्रेन' इतक्या वेळा झाला होता की दुकानदारानंच कंटाळून हा दुसरा हातात ठेवला.

गोष्ट १९३३ ची, अमेरिकेतल्या ऑरेगॉनची. मंदीचा काळ, लाखो माणसं बेकार. कामाच्या शोधात ती मालगाड्यांवर फुकट चढून गावोगाव फिरायची. अशांना तिकडं होबो म्हणतात. होबो आणि नुसता भटक्या यांत ते लोक फरक करतात बरं का, होबो फिरतो पण काम करतो. पिक्चरमध्ये अशा भटक्यांचा एक मुरलेला गुरू आहे, नाव 'ए नंबर वन' (ली मार्विन). आणि एकोणीस नंबरच्या गाडीवर शॅक नावाचा गार्ड आहे (अर्नेस्ट बोर्गनाईन), ज्याच्या गाडीतून आजवर कुणी फुकट गेलेला नाही. हातात हातोडा. डब्याखाली कोणी लपलंय वाटलं तर दोरीला लोखंडी खिळा बांधून चाकांच्या मधे सोडतो, तो रुळांवर आपटत उसळत आतल्या माणसाला सोलून काढतो. ए नंबर वन जाहीर करतो की मी याच गाडीनं पोर्टलंडला जाणार. सगळे रेल्वेवाले पैजा लावतात. मागून सिगरेट नावाचं एक बढाईखोर पोरगं चिकटतं (कीथ कॅराडाइन). बस, एवढीच गोष्ट. पण ते धुकं, ते ओले रूळ, वाफेचं इंजिन, पुलावरून जाताना येणारा तो आवाज! आम्ही सीडी परत करायच्या आधी तीनदा बघितला.

अण्णांची कॉमेंट्री पिक्चरपेक्षा भारी होती. शॅकनं हातोडा उचलला की ते पडद्याला सांगायचे, "हा टीसी नव्हं, हा गुंड आहे." त्यांनी स्वतः कोल्हापूर-मिरज मार्गावर बरीच वर्षं काढली. बिनतिकीट माणूस सापडला की दंड नाहीतर उतरवणं, यात ते माफी करायचे नाहीत. भगवी कफनी बघून सोडायचे नाहीत. पण उतरवायचं तर जिथं नळाला पाणी आहे आणि उभं राहायला शेड आहे अशा स्टेशनवर, आणि मागून दुसरी गाडी आहे हे बघून. मधल्याच एखाद्या फलाटावर रात्री नाही, जयसिंगपूरला. "नियम गाडीचा असतो, राग आपला असतो, दोन्ही एकत्र करायचे नाहीत," असं म्हणायचे. मी दहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, रोज कुणाची तरी रिक्वेस्ट नाकारतो, आणि हे वाक्य मला मॅनेजमेंटच्या कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा जास्त उपयोगी पडलंय.

आता पिक्चरच्या नावाकडं या. उत्तर ध्रुवाचा सम्राट. भटक्यांमध्ये जो सगळ्यात पटाईत, त्याला हे पद. गंमत कळली का? उत्तर ध्रुवावर आहे काय? बर्फ. ना प्रजा, ना जमीन. म्हणजे कशाचाही सम्राट नाही, तरी सम्राट. लहानपणी मला हे फार थोर वाटलं होतं. काही नको, कुणाचं देणं नाही, गाडी मिळेल तिथं जायचं. आज तुमच्यापैकी कित्येक जण बर्नआउट झाले की हेच मनात आणतात, मलाही येतं. राजीनामा, एक सॅक, हिमालय. त्याचे रील पण मस्त दिसतात.

पण श्लोकात अनिकेत एकटा येत नाही. त्याला चिकटून लगेच स्थिरमति हा शब्द आहे. ए नंबर वनला घर नाही, बँकेत पैसा नाही, उद्याची फिकीर नाही. पण पद आहे. ते पद जपायला तो शॅकशी साखळदंड, फळ्या, कुऱ्हाडी घेऊन चालत्या गाडीवर मरेस्तोवर लढतो. शॅकला पगार मिळतो म्हणून तो लढत नाही, माझ्या गाडीतून कोण जातो बघतोच म्हणून लढतो. एकाला घर आहे, एकाला नाही, आसक्ती दोघांची तेवढीच. नॉर्थ पोलचं का असेना, सिंहासन ते सिंहासनच. शेवटी जिंकल्यावर ते पोरगं 'आपण जिंकलो' म्हणून उड्या मारायला लागतं, तर ए नंबर वन त्यालाही गाडीतून नदीत फेकतो आणि वरून भाषण देतो. अण्णांना तो शेवट आवडायचा. मला आता वाटतं, फकिराला वाटेकरी नको होता, एवढंच.

आणि एक गोष्ट बघा. दुसऱ्या अध्यायात अर्जुन काय म्हणतो? गुरूंना मारण्यापेक्षा भीक मागून खाल्लेलं बरं. म्हणजे सॅक भरून तो तयारच होता. भगवंतांनी त्याला जाऊ दिलं नाही. आणि तेच भगवंत बाराव्यात सांगतात की अनिकेत मला प्रिय आहे. हा विरोध मला बरीच वर्षं खुपत होता, कारण तो आमच्या घरातला आहे.

अण्णांचे धाकटे भाऊ, माझे काका, मी पाचवीत असताना घर सोडून गेले. दत्तभक्त. गाणगापूरला म्हणून गेले, तिथून एक पोस्टकार्ड आलं, मग गिरनारहून एक आलं, मग काही नाही. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं. काकींच्या पदरात दोन मुली, एक तर अंगावरची. काकींनी शिलाई मशीन घेतलं, पुढं एका शाळेच्या गणवेशाचं काम मिळालं, त्यावर दोघी शिकल्या. नातेवाइकांत काकांचं नाव आदरानं निघायचं. वैराग्य आलं हो, भाग्यवान. काकींना कुणी भाग्यवान म्हटल्याचं मला आठवत नाही. अण्णा मात्र एकदा टीसीच्या भाषेत बोलले होते, "तो फुकट गेला असं समजू नका. त्याचं तिकीट वहिनी काढतीये."

ते वाक्य मी सोडू शकत नाही. अनिकेत व्हायचं तर भाडं कुणी भरायचं?

सोपं उत्तर म्हणजे घर सोडणारे सगळे पळपुटे. ते मला पटत नाही, कारण मग गाडगेबाबांचं काय करायचं? १९०५ साली ते घरातून निघाले. डोक्यावर फुटकं गाडगं, हातात खराटा. गावात शिरले की आधी गाव झाडायचे, मग भाकरी मागायचे, आणि रात्री कीर्तन. ज्याला स्वतःचं छप्पर नाही त्यानं पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं दुसऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या संस्थेकडं सोपवून मोकळे झाले. १९५६ मध्ये गेले तेही वाटेवर, अमरावतीजवळ, गाडीत. ज्ञानेश्वर माउलींनी आजच्या श्लोकावर जे सांगितलंय ते इथं उलगडतं. वाऱ्याला जसं एक ठिकाण नाही तसं याला नाही, आणि सगळं विश्वच याचं घर. घर नाही असं नाही म्हणत माउली. घर मोठं झालं म्हणतात. मग एवढं मोठं घर झाडायचं कुणी? ज्याचं आहे त्यानं. खराटा तिथून येतो.

ए नंबर वनकडं खराटा नाही, हा फरक.

इथं थांबलो असतो तर लेख छान झाला असता. पण काकी आहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही सगळ्यांनी मिळून 'देवकीनंदन गोपाला' बघितला, राजदत्त यांचा १९७७ चा, डॉ. श्रीराम लागू गाडगेबाबा झालेत. लागूंनी काय काम केलंय, अंगावर काटा येतो. संपल्यावर सगळे गप्प, डोळे पुसतायत. काकी म्हणाल्या, "कुंताबाईंचं पुढं काय झालं?" बाबांच्या बायको त्या. कुणाला नीट सांगता येईना. एकुलता मुलगा गोविंद गेल्याची खबर आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनाला उभे होते आणि कीर्तन थांबलं नाही, हे आपल्याला पाठ असतं. त्या रात्री कुंताबाई कुठं होत्या, हे पाठ नसतं. हजारो लोकांना बाबांनी जे दिलं त्यानं हा हिशोब फिटतो असं मला म्हणता येत नाही, आणि बाबांना नाकारताही येत नाही. माझ्यापुरतं एवढंच ठरवलंय की घर सोडलेल्या माणसाची गोष्ट ऐकली की आधी मागं राहिलेल्यांची विचारायची. अर्जुनाला का थांबवलं तेही मला यातूनच थोडं कळतं. त्याला घर मोठं करायचं नव्हतं, समोरचं टाळायचं होतं.

आता आपल्या कोल्हापूरची गोष्ट. बाहेरच्यांना माहीत नसते म्हणून सांगतो. दत्तगुरू रोज स्नानाला काशीला, निजायला माहूरगडावर, आणि दुपारच्या भिक्षेला करवीरात, म्हणजे इथं, अंबाबाईच्या गावात येतात अशी श्रद्धा आहे. तिन्ही लोकांचा स्वामी, आणि जेवणासाठी दारात उभा. भिक्षेत एक गोष्ट आहे जी फुकट प्रवासात नाही. भिक्षा मागणारा समोर येतो, आणि घरातल्या बाईला 'पुढं जा' म्हणता येतं. डब्याखाली लपून बसणाऱ्याला कुणी विचारलेलंच नसतं. काकांनीही विचारलं नव्हतं. दारात उभं राहून, मी जाऊ का, एवढं जरी म्हणाले असते तर काकींना नाही म्हणायची सोय होती. कदाचित त्या हो म्हणाल्याही असत्या. दत्तभक्त त्याही आहेत.

काकी आजही बारा-साडेबाराला पुढचं दार उघडं ठेवतात. जो येईल त्याला भाकरी-आमटी, नाव-गाव न विचारता. मागं एकदा मी धीर करून विचारलं, काका येतील म्हणून दार उघडं ठेवता का? मशीनवरची मान वर न करता म्हणाल्या, "दत्तगुरू आले तर वाढीन. तुझा काका आला तर आधी बाहेरच्या नळावर हातपाय धुवायला लावीन, मग पोरींच्या फीच्या पावत्या दाखवीन, मग वाढीन."

पावत्या खरंच आहेत. पहिलीपासूनच्या, एका बिस्किटाच्या डब्यात.

उद्या श्लोक २०. अध्याय १२ तिथं संपतो, रविवारी तेराव्याला हात घालू.

राम कृष्ण हरी.