क्षमेतील तिसरी व्यक्ती

मराठी ख्रिस्ती परिभाषेत 'तारण' म्हणजे पापापासून सुटका, उद्धार. सावकारी आणि बँकेच्या व्यवहारात 'तारण' म्हणजे कर्जापोटी ठेवलेला जिन्नस. एकाच शब्दात हे दोन अर्थ एकत्र नांदतात, हा भाषेतला योगायोग अर्थपूर्ण आहे. पाश्चात्त्य धर्मविचारात उद्धारासाठी रूढ झालेल्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ 'परत विकत घेणे' असा आहे. गहाण पडलेले सोडवून आणणे, हीच कल्पना त्यामागे आहे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत लूक 'पाप' हा शब्द योजतो, तर मत्तय त्याच जागी 'ऋण' म्हणतो. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने या रूपकाला तर्कशास्त्राची शिस्त दिली. पाप म्हणजे ईश्वराला देय असलेले न देणे. हे देणे माणसाच्या ऐपतीबाहेरचे असल्याने ते फेडण्यासाठी ईश्वराला मनुष्य व्हावे लागले, असे त्याचे प्रतिपादन होते.

परंतु पापाला एकदा ऋण म्हटले, की ते नेमके कोणाचे, हा प्रश्न टाळता येत नाही. धनको आपले कर्ज माफ करू शकतो. शेजाऱ्याचे येणे त्याला माफ करता येत नाही. एकाने दुसऱ्याचा घात केला आणि ईश्वराने घात करणाऱ्याला क्षमा केली, तर ज्याचा घात झाला त्याच्या येण्याचे काय होते? पापी आणि ईश्वर या दोघांच्या संवादात ही तिसरी व्यक्ती कोठे उभी असते? हा प्रश्न जितका नीतिशास्त्राचा, तितकाच तो कथनाचाही आहे. पश्चात्तापाची कथा कोण सांगतो आणि कोणाला उद्देशून सांगतो, यावर त्या कथेत कोणाला जागा मिळणार हे ठरत असते.

दावीद राजाच्या कथेत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. बथशेबेचा अभिलाष धरून त्याने तिचा पती उरीया याला रणांगणाच्या आघाडीवर पाठवले आणि मरू दिले. शीर्षकानुसार या प्रसंगानंतरचे मानले जाणारे एक्कावन्नावे स्तोत्र पश्चात्तापाच्या साहित्यातील एक शिखर आहे. त्यात दावीद आपला अपराध केवळ ईश्वराविरुद्धचा मानतो. उरीयाचा उल्लेख स्तोत्राच्या ओळींत कोठेही नाही. याउलट नाथान संदेष्टा राजाला जी गोष्ट सांगतो, ती नागवल्या गेलेल्या माणसापासून सुरू होते. एका गरिबाची लाडाने वाढवलेली एकुलती एक मेंढी श्रीमंताने ओढून नेली, एवढीच ती गोष्ट. ती ऐकताच दावीद संतापतो आणि मेंढीची चौपट भरपाई झाली पाहिजे, असा निवाडा देतो. स्तोत्रात राजा ईश्वरासमोर उभा आहे. गोष्टीत तो गरिबासमोर उभा केला गेला आहे. एकाच परंपरेने ही दोन्ही कथने जपली, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

मात्र पुढील आत्मनिवेदनपर वाङ्मयावर ठसा उमटला तो प्रामुख्याने स्तोत्राचा. चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहू घेतलेल्या ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'ची संपूर्ण रचना ईश्वराला केलेल्या 'तू' या संबोधनावर उभी आहे. जी स्त्री कित्येक वर्षे त्याच्यासोबत राहिली आणि जिने त्याच्या मुलाला, अदेओदातुसला, जन्म दिला, तिला एका सोयीच्या विवाहासाठी आफ्रिकेला परत धाडण्यात आले. मुलगा मात्र वडिलांजवळच राहिला. या वियोगाने आपले हृदय रक्तबंबाळ झाल्याचे ऑगस्टीन प्रामाणिकपणे नोंदवतो. परंतु त्या स्त्रीचे नाव ग्रंथात नाही. नाव न देण्यामागे संकोच किंवा तिच्याविषयीची काळजीही असू शकेल. तरीही वस्तुस्थिती अशी, की ईश्वर हा द्वितीय पुरुष ठरल्यावर ती स्त्री तृतीय पुरुषातच राहते. तिच्याविषयी बोलले जाते. तिच्याशी कोणी बोलत नाही. हा लेखकाच्या सद्‌भावातील उणेपणा नसून आत्मनिवेदनाच्या रूपबंधातच असलेली मर्यादा आहे.

शुभवर्तमानांना या मर्यादेची जाणीव आहे. वेदीजवळ अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे मत्तय सांगतो. जक्कय जकातदाराच्या घरी तारण येते, त्यावेळी ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे वचन तो देतो. दावीदाच्या निवाड्यातील 'चौपट' येथे पुन्हा भेटते. यहुदी परंपरेतील मिश्ना तर स्पष्टच बजावते, की शेजाऱ्याची समजूत काढल्याखेरीज प्रायश्चित्ताचा महादिवसही त्याच्याविरुद्धचे पाप धुऊन काढत नाही. ख्रिस्ती विचाराचे यावरील सर्वांत गंभीर उत्तर असे, की क्रुसावर क्षमा करणारा केवळ न्यायाधीश नसतो, तो स्वतः घात झालेला असतो. दोस्तोएव्हस्कीच्या 'ब्रदर्स कारमाझोव्ह'मध्ये (१८८०) छळल्या गेलेल्या मुलाच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार प्रत्यक्ष आईलाही नाही, असे इव्हान म्हणतो, तेव्हा अल्योशा हेच उत्तर देतो. मृतांच्या बाबतीत कदाचित याहून अधिक काही म्हणता येणार नाही. परंतु जिचा घात झाला ती व्यक्ती जिवंत असेल, तर काय?

टॉलस्टॉयची 'पुनरुत्थान' (१८९९) ही कादंबरी नेमक्या याच ठिकाणी सुरू होते. कथाबीज त्याला १८८७ मध्ये कोनी या विधिज्ञाकडून मिळाले. ज्यूरीत बसलेला नेखल्यूदोव समोरच्या आरोपी स्त्रीला ओळखतो: ती त्याने तारुण्यात फसवून सोडून दिलेली कात्यूशा. तो पश्चात्तापाने पेटतो, तुरुंगात तिला भेटतो आणि तिच्याशी विवाह करून पापाचे क्षालन करू पाहतो. त्यावर कात्यूशा उसळून जे बोलते, त्याने प्रायश्चित्ताची सारी पुण्याई उघडी पडते. इहलोकी त्याने तिचा सुखासाठी उपयोग केला आणि आता परलोकीच्या उद्धारासाठीही तिचाच उपयोग करू पाहतो आहे, असा तिचा आरोप आहे. पापात ती साधन होती आणि पश्चात्तापातही ती साधनच राहणार, हे तिला असह्य होते.

आरंभीच्या मसुद्यात टॉलस्टॉयने या दोघांचा विवाह घडवला होता. पुढे त्याला तो खोटा वाटला आणि कथेची सुरुवात नायकापासून नव्हे तर तिच्यापासून व्हायला हवी, असे त्याने १८९५ च्या दैनंदिनीत नोंदवले. छापील कादंबरी न्यायालयाकडे नेल्या जाणाऱ्या कात्यूशापासूनच सुरू होते. आरंभ बदलताच शेवटही बदलला, यात नवल नाही. जिला स्वतःची कथा मिळाली, तिला नकाराचा अधिकारही मिळाला. ती विवाह नाकारते आणि दुसऱ्या एका कैद्याची सोबत स्वीकारते. अखेरच्या भेटीत रशियन भाषेतील नेहमीच्या निरोपाच्या शब्दाऐवजी त्याच धातूपासून झालेला, 'क्षमा करा' अशा अर्थाचा शब्द ती जेमतेम ऐकू येईल असा उच्चारते. ज्याने क्षमा मागावी त्याच्याकडेच ती क्षमा मागून निघून जाते. नेखल्यूदोवच्या हाती ऋणमुक्तीची पावती पडत नाही. उरते ते शुभवर्तमानाचे पुस्तक.

यावरून ईश्वरी क्षमा निरर्थक ठरते असे नव्हे. उलट तिचे खरे कार्य येथे स्पष्ट होते. ज्याचा स्वीकार आधीच झालेला आहे, त्याला तोच स्वीकार दुखावलेल्या माणसाकडून वसूल करण्याची गरज उरत नाही. तो भरपाई करील, दाराशी उभा राहील, आणि दार उघडले नाही तरी तक्रार करणार नाही. दुर्बलाला क्षमेची सक्ती करणारा उपदेश धर्माच्या नावाने पुष्कळदा होत आला आहे. आई, पत्नी, दलित, पराभूत यांच्याकडूनच औदार्याची अपेक्षा ठेवली जाते. कृपेचा सिद्धान्त गांभीर्याने घेतला, तर त्याचा निष्कर्ष याच्या नेमका उलट निघतो. पाप्याचे तारण ईश्वराने आपल्याकडे घेतले असेल, तर त्या तारणाचा बोजा ज्याचा घात झाला त्याच्या माथी मारता येत नाही. त्याने क्षमा केली, तर ते दान होय. केली नाही, तर तो आपले येणे राखून आहे, एवढाच त्याचा अर्थ.