शंकेचा अधिकार

‘शास्त्राने सिद्ध केले आहे’ असे कोणी म्हणाला की वाद मिटतो. रायपुरातील आम्हां मराठी नोकरदारांच्या बैठकीतही हे वाक्य निकालपत्रासारखे वाचले जाते. आणि तो निकाल गैरसोयीचा असला की ‘ही तर नुसती उपपत्ती’ म्हणून त्यावर बोळाही फिरविला जातो. मग संशयातीत अशी एखादी तरी शास्त्रीय उपपत्ती असते काय?

न्यूटनचे गुरुत्वाकर्षण दोन शतके तशी मानली गेली. युरेनस गणिताच्या मार्गावरून ढळताना दिसला तेव्हा ज्योतिर्विदांनी एक अज्ञात ग्रह कल्पिला, आणि १८४६ साली नेपच्यून सापडला! बुधाच्या कक्षेतील फरकासाठीही तसाच एक ग्रह सूर्याजवळ कल्पिण्यात आला. तो मात्र सापडला नाही. शतकाला सुमारे ४३ विकला एवढा हा फरक. तो १९१५ साली आइन्स्टाइनच्या नव्या उपपत्तीने उलगडला. तथापि न्यूटन रद्दीत गेला नाही. महानदीवरील गंगरेल धरणाच्या बांधकामाचे गणित त्याच्याच नियमांनी करता येते. मर्यादा कळल्याने त्याचा अंमल संपला नाही, कोठवर चालतो ते कळले, इतकेच.

तेव्हा शंकेस जागा नेहमीच असते. पण ती घेण्याचा अधिकार फुकट मिळत नाही. कोल्हापूरचे जयंत नारळीकर पाहा. विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावत असता नवे द्रव्य निर्माण होत राहते, या स्थिर स्थितीच्या सिद्धांताची बाजू त्यांनी फ्रेड हॉइल यांच्यासह तरुणपणीच घेतली. १९६५ साली आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे मंद प्रारण जाहीर झाले आणि महास्फोटाचे पारडे जड झाले. नारळीकरांनी प्रारण नाकारले नाही. हॉइल व बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ साली सुधारित सिद्धांत मांडला: ताऱ्यांचाच प्रकाश अंतराळातील लोखंडाच्या सूक्ष्म, सुईसारख्या कणांनी शोषून पुन्हा बाहेर टाकला, तर असे प्रारण दिसेल. हे कण आहेत की नाहीत, हा प्रश्न वेधाचा. म्हणजे आपल्याला खोटे ठरविण्याचे साधन त्यांनी स्वतःच प्रतिपक्षाच्या हाती दिले. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटले नाही. २०२५ साली ते निवर्तले, तेव्हाही पुरावा महास्फोटाच्याच बाजूला होता.

मी महास्फोट मानतो. संशयातीत म्हणून नव्हे, तर त्याविरुद्ध मांडावयास माझ्याजवळ एकही आकडा नाही म्हणून.