मी शांत झालो, पण कुणासाठी?

गेल्या वर्षी दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो होतो. मोबाइल जमा, बोलणं बंद, पहाटे चारला घंटा. सातव्या दिवशी बसलेलो असताना अचानक शरीराची कडाच विरघळली. मी कुठे संपतो आणि हॉल कुठे सुरू होतो, ते कळेना. पाच-दहा मिनिटंच, पण डोळ्यांतून पाणी येत होतं आणि दुःख कसलंच नव्हतं.

घरी आलो तो हलका होऊन. झोप लागायला लागली. ऑफिसात सर्व्हर झोपला तरी छातीत धडधडेना. फायदा झाला, असं माझं मत.

महिन्याभराने आई म्हणाली, "शांत झालायस खरा, पण घरात नसल्यासारखा." बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरत होती, तेव्हा "होईल ते होईल" म्हणून मी ध्यानाला बसलो होतो. मला ती समता वाटली, तिला पळवाट.

विल्यम जेम्सने १९०२ सालीच लिहून ठेवलंय की असे अनुभव फार टिकत नाहीत. ते कुठून आले यापेक्षा त्यांना फळं काय लागली, हे बघावं. पण फळ गोड आहे की नाही, हे ठरवणार कोण?

२००६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रोलंड ग्रिफिथ्स यांच्या गटाने एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३६ जणांना काही मशरूममध्ये असणारं सायलोसायबिन दिलं होतं. दोन महिन्यांनंतर सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाचांत धरला. संशोधकांनी त्यांच्या घरच्यांना, मित्रांना, सहकाऱ्यांनाही विचारलं. बदल त्यांनाही जाणवला, पण लहानसा.

स्वतःच्या सुखाचा अहवाल स्वतःच देणं म्हणजे आपलाच कोड आपणच रिव्ह्यू करून मर्ज करणं. स्वतःपुरती शांतता वाईट नाही. ज्याची झोप उडालीय त्याला ती आधी मिळायलाच हवी. पण 'मी' आणि 'इतर' यांतली रेघ खोटी आहे, हेच जर त्या दहा मिनिटांत दिसलं असेल, तर त्याचा फायदा नेमका त्याच रेघेपाशी येऊन कसा थांबतो?

ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये आईशेजारी बसलो. छातीत धडधडत होतं. तिने माझा हात धरला, आणि मी तो सोडवून घेतला नाही.