भिंत वाकडी झाली तर

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे घरे रंगवायला काढतात. रंगाचा एक हात फिरला की मुलांच्या बोटांचे ठसे, खिळ्यांची भोके आणि पावसाळ्याने काढलेले नकाशे सारे दिसेनासे होते. ओल मात्र जात नाही. ती रंगाच्या आत दम धरून बसते आणि पुढल्या मृगात पुन्हा वर येते. आपल्या पुष्कळ तंट्यांचेही असेच होते. सणाच्या तोंडावर आपण त्यांच्यावर एक हात फिरवतो आणि तंटा मिटला असे म्हणतो.

मला ज्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे तो दिसायला अगदी घरगुती आहे. पैसे मोजून एखाद्याकडून काम करून घेतले आणि ते वाईट झाले, तर आपण त्याच्याकडून नेमके काय मागावे? पैसे परत मागावेत, त्याला शिक्षा व्हावी अशी इच्छा धरावी, की मोठ्या मनाने सोडून द्यावे? कचेरीत गेल्यावर हा प्रश्न कायद्याचा होतो. पण तिथे जाण्याआधी कितीतरी दिवस तो आपल्या ओसरीवर बसलेला असतो, आणि तेव्हा तो नीतीचा असतो.

माणूस घरे बांधू लागला तेव्हापासून हा प्रश्न त्याच्या मागे आहे. बाबिलोनचा राजा हम्मुरबी याने सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरवलेले कायदे 1901-02 साली इराणातील सुसा येथे सापडले. तो दगड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड, मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला देहदंड, असे त्यात सांगितले आहे. भयंकर गोष्ट लक्षात राहते, म्हणून ही कलमे पुष्कळांना ठाऊक असतात. त्यांच्या पाठोपाठ एक साधेसुधे कलम आहे. भिंत पक्की नसेल तर बांधणाऱ्याने ती स्वतःच्या खर्चाने पक्की करून द्यावी, एवढेच ते सांगते. माझे मन त्या कलमापाशी रेंगाळते.

आपल्या कौटिल्यानेही अर्थशास्त्रातील ‘कंटकशोधन’ या अधिकरणाचा आरंभ कारागिरांपासूनच केला आहे. सांगितल्याहून वेगळे काम करणाऱ्याचे वेतन बुडावे आणि वर वेतनाच्या दुप्पट दंड व्हावा, असे तो म्हणतो. कौटिल्य हा हिशेबी माणूस. त्याच्या न्यायात मालकाचे वेतन वाचते, राजाच्या तिजोरीत दंड पडतो, आणि बिघडलेली वस्तू मात्र बिघडलेलीच राहते.

गावगाड्यात तिसरीच तऱ्हा होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात तिचे वर्णन आहे. सुताराला, लोहाराला कामागणिक पैसे मिळत नसत. सुगीला खळ्यावरून बलुते मिळे. नांगर मोडला की तो पुन्हा सुताराच्याच दारी जाई, कारण देणेघेणे एका नांगरापुरते नव्हते, वर्षाचे होते. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. जातीने जखडलेल्या कारागिराला ‘हे काम मी करणार नाही’ असे म्हणण्याची सोय तिच्यात नव्हती. रोख पैशाने त्याला ती सोय दिली, हे चांगलेच झाले. पण त्याच पैशाने आणखी एक गोष्ट केली. शेवटचा हप्ता हातात पडला की काम संपले आणि माणसाशी असलेला संबंधही संपला, असे दोन्ही बाजूंना वाटू लागले.

हे सारे पुस्तकी विचार माझ्या डोक्यात आले ते आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीमुळे. परसदारची जुनी पडवी पाडून आम्ही तिथे स्वयंपाकघर व न्हाणीघर बांधून घेतले, वर लहानशी गच्ची. आमचा मुलूख कोकणातला, म्हणजे पाऊस चार महिने मुक्कामाला. तीन कंत्राटदारांचे दर घेतले आणि मधल्या दराचा माणूस ठरवला. एकूण 3,60,000 रुपये ठरले. मे अखेर काम झाले तेव्हा 3,00,000 दिले होते, 60,000 पाऊस पाहून द्यायचे होते. मृग लागला आणि आठ दिवसांत छताला ओल धरली. न्हाणीघरातले पाणी जाळीकडे न जाता उंबऱ्याकडे येऊ लागले. आईची खाट त्या भिंतीपलीकडच्या खोलीत होती, ती ओटीवर आणावी लागली. रात्रीच्या खोकल्यात तिचा आवाज ऐकू येई, तेव्हा माझ्या मनात हम्मुरबीची पहिली कलमे येत, शेवटचे नव्हे.

मी शेजारच्या गावातल्या एका जुन्या गवंड्याला बोलावले. त्याने फरशीवर थापीच्या दांड्याने ठोकून पाहिले. निम्म्या फरश्या पोकळ वाजल्या. भिंतीला ओळंबा लावला, तो खाली बोटभर सुटला. दुसऱ्या कारागिराविरुद्ध कागदावर काही लिहून द्यायला तो तयार नव्हता, पण गच्चीवर उभा राहून एक वाक्य बोलला: “गुरुजी, कोबा पाण्याविना मेलाय.”

सिमेंट वाळून घट्ट होते असा आपला सर्वसाधारण समज आहे. तसे ते होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया चालू राहते तेव्हाच त्याला बळ येते, म्हणून कोब्यावर मातीची आळी करून आठ-दहा दिवस पाणी तुंबवून ठेवायचे असते, गिलाव्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे असते. या कामाला कसब लागत नाही. बादली घेऊन रोज यायला एक माणूस लागतो. मे महिन्याच्या उन्हात तो माणूस आमच्याकडे तीन दिवस आला आणि नंतर दुसऱ्या कामावर गेला. मला वाटते, वाईट काम बहुतेक वेळा असेच वाईट होते. त्यात मोठी लबाडी क्वचित असते. ज्या कामाकडे कोणी पाहत नाही तेवढेच गाळले जाते, आणि गाळणाऱ्याला आपण चोरी केली असे वाटतही नाही.

कंत्राटदार आले. घरात चहा झाला. कादंबरी लिहिताना मी त्यांना सहज खलपुरुष केले असते, पण समोर बशीतून चहा फुंकून पिणारा माणूस खलपुरुष वाटत नाही. “पाऊसच यंदा उलट्या अंगाने लागला, गुरुजी,” ते म्हणाले. मग सिमेंट हल्ली तसलेच येते, वाळू धुतलेली मिळत नाही, गवंडी ऐकत नाहीत. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, “तुम्ही पैसे अडवलेत तर माझ्या पोरांची मजुरी अडेल.” ती मात्र थाप नव्हती. दोन बिगारी माझ्याकडे आधीच विचारून गेले होते.

सल्ल्याला तोटा नव्हता. शेजारच्या अण्णांनी सांगितले, “नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. एक पैसा देऊ नका.” आई म्हणाली, “अरे, जाऊ दे. कुणाच्या पोटावर पाय नको.” शाळेतल्या एका सहकाऱ्याने आठवण करून दिली की कंत्राटदारांची मुलगी माझ्याच वर्गात आहे, तेव्हा ते नरमाईने घेतील. या तिसऱ्या सल्ल्याने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले. चौथीतल्या पोरीच्या पाटीआडून तिच्या बापाला धाक घालायचा, यापेक्षा भिंत पडलेली बरी.

आईचे बोलणे मला पुष्कळ दिवस पुरले. क्षमा ही मोठीच गोष्ट आहे. पण ‘जाऊ दे’ म्हणताना आपण खरोखर काय जाऊ देतो? माझ्या घरची ओल मी सहन करीन, पण तोच माणूस पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या गच्चीवर चौथ्या दिवशी पाणी मारणे बंद करील, आणि तिथली ओल माफ करण्याचा अधिकार मला कोणी दिला? शिवाय अशा क्षमेत थोडा तुच्छभावही असतो. याच्याकडून याहून बरे काय होणार, असे म्हणून आपण त्याला सोडतो. वर्गात एखाद्या मुलाचे गणित चुकले तर मी वही फाडत नाही आणि ‘असू दे’ म्हणून बरोबरची खूणही करत नाही. पुन्हा करून आण, म्हणतो. त्या म्हणण्यात तो करू शकेल हे गृहीत असते.

अण्णांच्या सल्ल्यातही अडचण होती. साठ हजार माझ्या हातात राहिले असते, आणि ज्या बिगाऱ्याने घमेली वाहिली त्याची चूल थांबली असती. त्याच्याकडून ना ओळंबा चुकला होता, ना उतार.

म्हणून मी एक कागद केला. न्हाणीघराची फरशी काढून उतार नव्याने द्यावा. पाऊस संपेपर्यंत गच्चीवर ताडपत्री, नंतर कोबा उखडून पुन्हा. कोबा झाल्यावर दहा दिवस पाणी, आणि मग पुन्हा अठ्ठेचाळीस तास पाणी तुंबवून खाली छत कोरडे राहते का, ते दोघांनी मिळून पाहावे. माल त्यांचा. मजुरी मात्र मी राखलेल्या साठ हजारांतून आठवड्याच्या आठवड्याला, त्यांच्याच हाताने, मजुरांच्या देखत.

कागद पाहून ते भडकले. “माझ्यावर विश्वास नाही?” आपल्याकडे कागद मागणे हा अपमान समजतात. मला हे कधी उमगले नाही. विश्वास असतो माणसाच्या हेतूवर, आणि कागद असतो दोघांच्या स्मरणशक्तीसाठी. न्हाणीघराचा उतार कुठे ठरला होता, यावर आमचा अर्धा वाद गेला होता.

कायद्याची वाट होतीच, आणि ती मी त्यांच्यापासून लपवली नाही. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा 1986 चा, त्याच्या जागी आलेला 2019 चा कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. नुकसानभरपाईबरोबरच सेवेतील त्रुटी दूर करून देण्याचा हुकूमही आयोग देऊ शकतो आणि तडजोडीसाठी मध्यस्थीची सोयही त्यात आहे. म्हणजे हम्मुरबीचे ते साधेसुधे कलम आपल्याही कायद्यात आहे. तारीख पडण्याआधी ते ओसरीवर वापरून पाहावे, एवढेच माझे म्हणणे होते. पंधरा दिवस ते आले नाहीत. सोळाव्या दिवशी सही करून गेले, चहा न घेता.

न्हाणीघर श्रावणात झाले. गच्चीचा कोबा नोव्हेंबरात. या वेळी पाणी मारायला कधी बिगारी येई, कधी ते स्वतः बादली घेऊन उभे राहत. अठ्ठेचाळीस तास पाणी ठेवले तेव्हा रात्री दोघांनी विजेरी घेऊन छत पाहिले. कोरडे होते. त्यांनी हाताचा पंजा छताला लावून पुन्हा पाहिले.

आता पालक मला विचारतात, हा कंत्राटदार कसा? ‘चांगला’ म्हणणे खोटे, ‘वाईट’ म्हणणेही अर्धेच. म्हणून मी पहिला कोबाही सांगतो आणि दुसराही. ऐकणाऱ्याला एक शब्द हवा असतो, तो मिळत नाही म्हणून काहीजण नाराज होतात.

भिंतीचे मात्र काही करता आले नाही. ती सरळ करायची तर पाडावी लागली असती, आणि तिच्यावर गच्ची होती. जे दुरुस्त होत नाही त्याचे काय करायचे, हे कागदात लिहिलेले नव्हते. बराच वेळ घासाघीस होऊन 5,000 रुपये कापायचे ठरले. ते कमीच आहेत असे मला वाटते, आणि जास्त आहेत असे त्यांना वाटते. तिथे फडताळ ठेवले आहे. वरचे टोक भिंतीला टेकते, आणि खाली बोटभर फट राहते.