पाच जांभळी वस्त्रं

इ.स. 968 च्या जून महिन्यात क्रेमोनाचा बिशप ल्युटप्रांड कॉन्स्टँटिनोपलला पोचला. काम सोयरिकीचं होतं. जर्मनांचा सम्राट पहिला ओटो याला आपल्या मुलासाठी बायझंटाईन घराण्यातली मुलगी हवी होती, आणि तीही जांभळ्या दालनात जन्मलेली. बाप गादीवर असताना झालेल्या मुलांनाच हा मान मिळे.

सम्राट निकेफोरोस फोकास हा हाडाचा शिपाईगडी. त्यानं पाहुण्याला गळक्या घरात उतरवलं, दाराशी पहारा बसवला. जेवणात राळ घातलेली दारू आली, ती बिशपाच्या घशाखाली उतरेना. चार महिने असे गेल्यावर उत्तर मिळालं ते नकाराचं. जांभळ्या दालनातली मुलगी परक्यांना देणं ही न ऐकलेली गोष्ट होती म्हणे.

मुलगी नाही तर नाही, निदान कापड तरी न्यावं, म्हणून बिशपानं आपल्या चर्चसाठी रेशमी वस्त्रं विकत घेतली होती. निघायच्या सुमारास अधिकाऱ्यांनी त्याला बोलावलं. घेतलेला सगळा माल दाखवा. जो तुमच्या लायकीचा असेल त्यावर शिशाची मोहोर मारू. बाकीचा ठेवून घेऊ आणि पैसे परत देऊ. असं करून त्यांनी पाच जांभळी वस्त्रं बाजूला काढली, सगळ्यांत भारी होती तीच.

या कापडाचं एवढं काय होतं, ते मागाजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. उभे धागे आत दडतात आणि आडव्या रंगीत धाग्यांनी सगळा पृष्ठभाग भरून निघतो. मोठ्या वर्तुळात सिंह, हत्ती, गरुड विणायचे, तर एक जण धोटा फेकतो आणि दुसरा ठरलेल्या क्रमानं दोऱ्या ओढत राहतो. एक दोरी चुकली की सिंहाचा पंजा वाकडा. रंगाची तर आणखीच तऱ्हा. 1909 साली फ्रीडलेंडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं समुद्री गोगलगायींपासून तो काढून पाहिला, तेव्हा 12,000 गोगलगायींतून जेमतेम 1.4 ग्रॅम रंग हाती आला. (आता तपासणी होते तेव्हा त्या काळच्या कितीतरी ‘जांभळ्या’ रेशमात मंजिष्ठ आणि नीळ निघते. राजाचा रंगसुद्धा स्वस्तात उरकायची सोय तेव्हा होती.) राज्याच्या कायद्यात रेशमाचा धंदा पाच संघांत वाटलेला होता. काही कापडं परक्यांना विकायचीच नाहीत असं लिहिलं होतं, आणि कारागीर परक्यांच्या हाती विकणाऱ्याचा हात तोडावा, असंही.

बिशप भडकला. वीस वर्षांपूर्वी, सम्राट कॉन्स्टंटाईनच्या काळात, मी साधा डीकन म्हणून आलो होतो, तेव्हा याहून जास्त आणि याहून भारी कापड नेलं, कुणी गाठोडं उघडलं नाही. आज बिशप आहे, सम्राटाचा वकील आहे, तर चोर ठरतो काय? अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितलं, की कॉन्स्टंटाईन मऊ माणूस, राजवाड्यात बसून अशा वस्तू देऊन मित्र जोडायचा. निकेफोरोसला त्याची गरज नाही, तो तलवारीनं काम करतो. शिवाय असली वस्त्रं अंगावर घालायची लायकी आमचीच.

तेव्हा बिशपानं ठेवणीतलं काढलं. आमच्या इटलीत, तो म्हणाला, ही वस्त्रं बाजारबसव्या आणि विदूषक घालतात. कुठून मिळतात? व्हेनिस आणि अमाल्फीचे व्यापारी आणतात की! अधिकारी लालबुंद झाले. यापुढे त्या व्यापाऱ्यांची झडती घेऊ, फटके मारू, डोकी भादरू.

इथवरचं सगळं बिशपानं स्वतः लिहून ठेवलं आहे. तो रागावलेला साक्षीदार, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चालावं. पुढचा प्रसंग माझा.

त्या दालनात कोपऱ्यात मोहोर मारणारा एक म्हातारा कारकून बसला होता. शेजारी त्याचा नातू शिसं तापवत होता. अमाल्फीचं नाव निघालं तसा म्हातारा साच्यात एकदम फार मन घालून बघू लागला. दर वसंतात त्या व्यापाऱ्यांची गाठोडी त्याच्याच हातून जात, आणि त्याच्या घरी तेलाचा बुधला कधी रिकामा नसे.

साहेब लोक गेल्यावर पोरानं विचारलं, “आजोबा, रेशमाचा किडा आपल्याकडे पहिल्यापासून होता?”

“छे. चारशे वर्षांपूर्वी जस्टिनियन बादशहाच्या वेळी साधूंनी त्याची अंडी आणली. लोक सांगतात, काठीच्या पोकळीत लपवून.”

“म्हणजे चोरून आणली?”

“बादशहानं मागवली की तिला चोरी म्हणत नाहीत. शिसं बघ, गार होतंय.”

पोरगं गप्प बसलं नाही. “मग त्या बिशपानं घेतलेलं कापड? त्यानं तर पैसे दिले होते.”

म्हाताऱ्यानं एका गाठोड्यावर मोहोर दाबली आणि पुढचं ओढलं.

पुढच्या वर्षी डिसेंबरात निकेफोरोसचा राजवाड्यातच खून झाला. मारेकऱ्यांत पुढे होता सेनापती योहान त्झिमिस्केस, आणि कटात खुद्द राणी सामील. नव्या सम्राटाला पश्चिमेकडे शांतता हवी होती. 972 साली त्यानं आपली नात्यातली थेओफानू रोमला पाठवली आणि ओटोच्या मुलाशी तिचं लग्न लागलं. ती जांभळ्या दालनातली नव्हती म्हणून जर्मन दरबारात कुरबुर झाली. परत पाठवा म्हणणारेही निघाले. ओटोनं ऐकलं नाही. लग्नाचं दानपत्र तयार झालं ते चर्मपत्रावर, सोन्याच्या अक्षरांत, आणि अक्षरांमागे जांभळट-तांबड्या रंगात वर्तुळं रंगवली, वर्तुळांत झुंजणारी जनावरं. हुबेहूब बायझंटाईन रेशीम. कापड अडवलं, तर त्यांनी ते कातड्यावर काढलं! ते पत्र आजही वोल्फेनब्युटलच्या अभिलेखागारात आहे.

जांभळ्या दालनातली मुलगी परक्यांना न देण्याचा नियमही वीस वर्षांत मोडला. बंडाळीनं बेजार झालेल्या दुसऱ्या बेसिलला किएव्हच्या व्लादिमीरकडून सैन्य हवं होतं. किंमत ठरली बेसिलची सख्खी बहीण अ‍ॅना. आणि 1147 मध्ये सिसिलीच्या रॉजर राजाच्या आरमारानं थीब्ज शहर लुटलं, तेव्हा त्यांनी कापडाबरोबर रेशीम विणणारी माणसंच उचलून पालेर्मोला नेली. हात तोडायचा कायदा होता, पण तोडायचे कुणाचे?

थेओफानूचा मुलगा तिसरा ओटो. त्यानं 1000 साली आखेनला शार्लमेनची कबर उघडली आणि तिच्यात हत्तींचं एक बायझंटाईन रेशीम ठेवलं, असं मानतात. ते कापड अजून आखेनच्या खजिन्यात आहे. त्यावर ग्रीक अक्षरं विणलेली आहेत, देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या नावांसकट: राजवाड्याचा मिखाएल, आणि सरकारी कारखान्याचा पेत्रोस.