पावती की कबुली?

मृताचा सन्मान केल्याने त्याच्यावर जिवंतपणी झालेला अन्याय फिटतो काय? हा प्रश्न जितका धर्मशास्त्राचा, तितकाच न्यायशास्त्राचाही आहे. परमुलखात वस्तीस गेलेला मनुष्य त्या मुलखासाठी लढताना पडतो आणि मागाहून त्याचे नाव धातूवर उमटते, तेव्हा तर तो टाळताच येत नाही.

पहिल्या महायुद्धात साम्राज्याच्या बाजूने मृत्यू पावलेल्यांच्या आप्तांस ब्रिटिश सरकारने ब्राँझची एकेक वाटोळी स्मृतिपट्टिका दिली. तिचा व्यास सुमारे १२० मिलिमीटर असून तीवर ब्रिटानिया व सिंह यांच्या आकृती आहेत. अशा साडेतेरा लाखांच्या आसपास पट्टिका ओतल्या गेल्या. लोक तिला ‘मेलेल्याची पेनी’ म्हणू लागले. तीवर मृताचे नाव आहे, हुद्दा मात्र मुद्दाम वगळलेला आहे. सर्वांचा त्याग सारखाच, हा त्यामागील हेतू. हेतू उदात्त होता यात शंका नाही. परंतु जोगेंद्रनाथ सेन यांचे चरित्र त्याशेजारी ठेवले म्हणजे मन साशंक होते.

सेन हे चंद्रनगरचे बंगाली गृहस्थ. १९१० साली ते इंग्लंडातील लीड्स येथे गेले, १९१३ साली तेथील विद्यापीठाचे विद्युत्-अभियांत्रिकीचे पदवीधर झाले आणि शहराच्या वीजकेंद्रात नोकरीस लागले. सप्टेंबर १९१४ मध्ये त्या शहराने आपली पलटण उभी केली, तेव्हा आरंभीच नाव नोंदविणाऱ्यांत ते होते. अनेक भाषा जाणणारा हा मनुष्य पलटणीत सर्वांत सुशिक्षित होता. परंतु गोऱ्यांवर काळ्याने हुकूम चालवावा हे त्या काळी मान्य नसल्यामुळे त्यास साधी नाइकीही मिळाली नाही, असे त्याच्या एका सोबत्याने वृद्धापकाळी सांगून ठेवले आहे. २२ मे १९१६ रोजी सेन फ्रान्समध्ये साधे शिपाई म्हणूनच पडले. लीड्स विद्यापीठाच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे.

जो हुद्दा जिवंतपणी नाकारला, तो मरणानंतर निरर्थक ठरवून समतेचे श्रेय घेणे हे उचित काय? कित्येक म्हणतील, ही निव्वळ धूळफेक आहे. मृतास मान देण्यास खर्च येत नाही, कारण मृत मनुष्य काही मागत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु नाव कोरणे ही क्षुल्लक गोष्ट असती, तर ती सर्वांच्याच वाट्यास आली असती. ज्या मेसोपोटेमियात आपल्या मराठा पलटणी लढल्या, तेथील बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांची नावे आली, शिपायांची मात्र केवळ संख्या. अशा विषम वागणुकीबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये जाहीर क्षमा मागितली. बेळगावच्या मराठा पायदळ केंद्राजवळ राहणाऱ्या वाचकास या संख्येचा अर्थ समजावून सांगावयास नको. तर्पणातही आपण नावगोत्र उच्चारतो आणि ज्यांचे ते ठाऊक नाही त्यांनाही पाणी देतो. कुणास निव्वळ संख्येत मोजून मोकळे होत नाही.

म्हणून स्मृतिपट्टिका काय आहे हे नीट ठरविले पाहिजे. आमच्या व्यवसायात पावती आणि कबुली या दोन भिन्न वस्तू आहेत. पावतीने देणे संपते. कबुलीने ते जिवंत राहते. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे अठरावे कलम असे सांगते की, मुदत सरण्यापूर्वी ऋणकोने देणे सहीनिशी लेखी मान्य केले, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. ब्राँझवरील नाव ही अशीच कबुली होय. ‘हा मनुष्य आमच्यासाठी मेला’ असे ज्याने एकदा लिहून दिले, त्यास ‘हा आमचा कोण?’ असे विचारण्याचा अधिकार उरत नाही. अन्याय मात्र तिने फिटत नाही. जो तिला पावती समजून फुले वाहतो व घरी जातो, तो मृताची फसवणूक करतो.

मग हे येणे वसूल कोणी करावयाचे? सेन तर गेले. माझ्या मते, त्या शहरात पोटासाठी वा विद्येसाठी येणारा प्रत्येक परका मनुष्य या दाव्यात त्यांचा वारस आहे. त्यास न्यायाने वागविणे हीच परतफेड.

आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपणा लोकांचे पूर्वजही एके काळी तेथे नवखेच होते. आज आपल्या गावी नव्याने आलेल्या माणसाशी आपण कसे वागतो, हे पाहिल्यावाचून लीड्सचा न्याय करण्यास आपण बसू नये. त्या माणसाने आपल्यासाठी मरेपर्यंत त्याच्या सन्मानाची वाट पाहणे, हा धर्म नव्हे.