वामकुक्षी आणि आळस

काही वर्षांपूर्वी चैत्रातल्या एका दुपारी आम्ही एका स्नेह्यांसह भाईंदरच्या मिठागरांवरून चाललो होतो. बांधावर एक कामकरी तोंडावर पंचा घेऊन निजला होता. आमचे स्नेही, नुकतेच नोकरीतून निवृत्त झालेले, म्हणाले, "भर दिवसा झोपा काढावयाच्या, मग दारिद्र्य हटणार कसे?" आम्हीही हसलो. त्या हसण्याची पुढे आम्हांस लाज वाटली.

मिठागराची रीत अशी की, उधाणाच्या भरतीचे पाणी आत घ्यावयाचे, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवून उन्हाने दाट करावयाचे, आणि शेवटच्या उथळ वाफ्यात ते स्थिर राहू द्यावयाचे. तेव्हा कोठे मीठ धरते. बांध घालणे, तळ तुडवून घट्ट करणे, मीठ ओढून त्याची रास करणे, हे कष्ट हाडे मोडणारे खरे. परंतु त्यांच्या मधल्या काळात काम करावयाचे ते उन्हाने. तो मनुष्य पहाटेपासून राबला होता की नाही, हे आम्हांस ठाऊक नव्हते. ते विचारण्याचीही आम्हांस गरज वाटली नाही, हाच आमचा दोष.

ब्रॉयगेल या फ्लेमिश चित्रकाराने १५६५ साली कापणीचे एक चित्र काढले. त्यात काही माणसे पीक कापीत आहेत, काही जेवीत आहेत, आणि एक जण झाडाखाली हातपाय पसरून गाढ झोपला आहे. दोनच वर्षांनी त्याने आयत्या अन्नाच्या कल्पित देशात सुस्तावून पडलेली माणसे रंगविली. दोन्हीकडे देह सारखेच आडवे; भेद आहे तो त्या निजेच्या आधी काय घडले याचा. एकीच्या आधी घाम आहे, दुसरीच्या आधी केवळ भोजन.

तत्त्वज्ञांनीही हा भेद नेहमीच पाळला असे नाही. आपण उद्योग करतो तो फुरसतीसाठी, असे ॲरिस्टॉटल सांगतो. परंतु त्याच्या नागरिकाच्या फुरसतीखाली गुलामांचे श्रम होते. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्मयोगाचा पुरस्कार केला. तथापि कर्म सांगणाऱ्या त्याच गीतेने सहाव्या अध्यायात निद्रा आणि जागरण यांचेही प्रमाण सांगितले आहे, हे आपण सोयीने विसरतो. श्रमाचा उपदेश बहुधा दुसऱ्यास करावयाचा असतो. नारायण मेघाजी लोखंडे यांना मुंबईच्या गिरणीकामगारांसाठी आठवड्याची एक सुटी मिळविण्यास कित्येक वर्षे झगडावे लागले. ती मिळाली १८९० साली. ज्यांना विसाव्याची सर्वांत अधिक गरज, त्यांनाच तो मागून घ्यावा लागला!

आळस हा दुर्गुण नाही, असे आमचे म्हणणे नाही. आपला भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून स्वस्थ बसणे, हा आळस. मग बसणारा गादीवर असो की बांधावर. स्वतःचा भार वाहून झाल्यावर टेकणे, हा विसावा. हा निवाडा निजलेल्या देहाकडे पाहून होत नाही.

त्या दिवशी घरी परतल्यावर जेवण झाले आणि आमचे स्नेही घटकाभर आडवे झाले. मुले गलबला करू लागली, तशी आम्ही त्यांना दटावले, "हळू बोला, काकांची वामकुक्षी चालली आहे." हा शब्द तोंडून गेला मात्र, आणि आम्हांस बांधावरचा तो पंचा आठवला.